माथ्यावरचं कापड

त्या दिवशी घाटीच्या वळणावर कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणू नये का म्हातारी मनानं जोडून सांगून राहिली. माझी सासू होती. माझे मालक होते. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाई, आताही घेत नाई. दोन बोटं नसलेला सुतार म्हटलं का टोल्यात, म्हणजे आमच्या डोंगरावरच्या वस्तीत, सगळे समजत. सुक्कू दादा होता, टोल्याचा गोंड मुखिया, अन् त्याची बायको फुलवंती. रामदीन गाडीवान होता, बैल सोडून उभा. जबलपूरचा करीम मिस्त्री होता, ज्यानं लोखंड जोडलं. कोटवाला एक पाहुणा होता, तोही जबलपूरचाच, मोठा इंजिनियर म्हणे. टोल्यातले बाकीचे बाया-माणसं होते. मी होती. अन् तो होता. त्याचं नाव सांगत नाई. त्याच्या घरचे लोक अजून जबलपुरात दीक्षितपुऱ्यात आहेत, त्यांनी माझं काही वाईट केलं नाई. सगळे त्याले ओव्हरसियर साहेब म्हणत. मीही तेच म्हणते.

सगळे कायले जमले होते? वाऱ्यावर फिरणारं चाक उभं करायले. उभं तर झालं. फिरलं नाई. पण ते मागून सांगते, पहिले त्याचं सांगते.

आम्ही वर्ध्याकडचे. माझे मालक जबलपूरले कारखान्यात सुतारकामावर लागले, म्हणून सासूले घेऊन आलो. दुसऱ्याच साली करवतीत उजव्या हाताची दोन बोटं गेली अन् बोटासंगं कामही गेलं. आम्ही ओव्हरसियरच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. तो सरकारी नोकरीतून उतरला होता. गोऱ्यांचं राज होतं, सडका अन् पूल बांधण्यात त्याचा जन्म गेला. त्याचे वाडवडील भोसल्यांच्या वेळेपासून इकडचे, म्हणून त्याची मराठी पुस्तकासारखी होती, अन् आम्ही बोललो का तो कान खाजवे.

नोकरीतून उतरल्यावर त्याले वाऱ्याचं वेड लागलं. लागलं म्हणते, पण काकू, म्हणजे त्याची बायको, म्हणत का ते आधीपासूनच होतं. काकू पापड लाटता लाटता सांगत, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला, सगळे मंगलाष्टकं ऐकत होते अन् हे बघत होते अंतरपाट हलतो का. माझं तोंड यांनी चौथ्या दिवशी पाहिलं गं."

कोणी नमस्कार केला का तो पहिले बोट तोंडात घालून ओलं करे, वर धरे, मग नमस्काराचं उत्तर दे. कोटाच्या खिशात सेमलचा, म्हणजे सावरीचा, कापूस. कोणाच्याही घरी गेला का चिमूटभर कापूस सोडे अन् तो कुठं जाते ते पाहत बसे. लोकाच्या वरणात कापूस पडे. एका बाईनं ताट उचलून आत नेलं तर म्हणतो कसा, "अहो, थांबा, अजून खाली बसला नाही तो."

त्याचा सख्खा भाऊ वारला, तेव्हा नर्मदेच्या ग्वारीघाटावर चिता पेटली. सगळे रडून राहिले होते. हा वही काढून धुराकडे पाहून राहिला. माझे मालक तिथं होते, त्यांनी डोळ्यानं पाहिलं. एक नाववाला बोलला, "बाबूजी, हवा नाप रहे हो कि भैया को बिदा कर रहे हो?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "दोनों." अशा माणसाले वेडा म्हणावं का निर्दय म्हणावं, मले आजपर्यंत ठरवता आलं नाई. काकू म्हणत, दोन्ही.

एक मात्र त्यानं बरोबर केलं, ते कबूल करते. चाक कोणतं घ्यायचं ते त्यानं छपरावर ठरवलं. विलायती पुस्तकात दोन जातीची चाकं होती. एक दोन-तीन पात्यांचं, त्यानं दिवा लागते म्हणे. दुसरं अठरा पात्यांचं, थाळीसारखं भरलेलं, त्यानं पाणी निघते. त्यानं घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून दोन्ही जातीच्या फिरक्या बनवल्या, माझ्या मालकांनी त्याले दांडे करून दिले. दोन पात्यांची फिरकी जोराचा झोत आल्याशिवाय जागची हले नाई; मग सुटली का भिंगरीसारखी सुटे. अठरा पात्यांची सासूच्या उसाश्यावर पण फिरे. हळू, पण फिरे, अन् दोरीले बांधलेला तांब्या वर उचले. पाहुणेराहुणे म्हणत, "साहेब, बिजलीवालं घ्या, नाव होईल." तो म्हणे, "मला तांब्या उचलायचा आहे." तिथं त्याचं डोकं ठिकाणावर होतं.

तांब्या उचलायचा होता तो डोंगरावर. नर्मदेच्या पलीकडे, बैलगाडीनं दोन दिवस, सातपुड्याच्या माथ्यावर त्यानं जमीन घेतली होती. संत्र्याचा बाग लावतो म्हणे. बाग सांभाळायले कोणी जायले तयार नव्हतं. आम्ही गेलो. दोन बोटं नसलेल्याले जबलपुरात कोण विचारते?

वर आठ घरं. एक विहीर, काळ्या दगडात खोदलेली, उथळ. होळीपर्यंत पाणी, मग तळ दिसे. त्याच्या पुढचे तीन महिने आम्ही बाया खाली झिरियावर जात होतो. झिरिया म्हणजे दगडातून पाझरणारा लहान खड्डा, वाटीनं गुंडी भरायची. उतरायले काही नाई. चढायचं म्हणजे डोक्यावर दोन गुंड्या, कमरेवर एक, अन् पायाखाली सुटे गोटे. सकाळी निघालं का दोन खेपात सूर्य डोक्यावर येई. मी तिथं पाच उन्हाळे पाणी भरलं. फुलवंतीनं जन्मभर भरलं, तिच्या मानेवर मागे गोळा आला होता, गाईच्या वशिंडासारखा. ती हसून म्हणे, "बहू, ये मेरी पेंशन है."

म्हणून चाकाची गोष्ट निघाली तेव्हा मी पहिल्यानं त्या माणसाकडे नीट पाहिलं. म्हटलं, असू दे कापूस, असू दे ओलं बोट. पाणी वर येते ना?

चाक एकच. विहीरही एकच खोदता येणार. म्हणून जागा चुकायले नको होती. दोन जागा होत्या. एक टोल्याजवळ माथ्यावर, जुन्या विहिरीपाशी. तीच विहीर अजून खोल करायची. दुसरी घाटीच्या वळणावर, माथा अन् झिरिया यांच्या अर्ध्यात, गाडीरस्त्याले लागून. तिथं पाणी लवकर लागेल अन् नळानं वर चढवता येईल. वारा कुठं जास्त तेवढं पाहायचं होतं.

आता हे विचारायचं कोणाले? टोल्यातल्या कोणत्याही बाईले विचारलं असतं तर तिनं हातातली भाकर न सोडता सांगितलं असतं. माथ्यावर माझा पदर डोक्यावर टिकत नव्हता. चूल पेटवायची तर तीन बाजूनं दगड लावा. सुक्कू दादानं तर बिनविचारता सांगितलं.

"साहब, पेड़ देख लो न. ऊपर के सारे पेड़ पूरब को झुके हैं."

"पेड़ बुढ़ापे से झुकता है, सुक्कू," ओव्हरसियर म्हणे.

"सब एकै तरफ बुढ़ा गए साहब?"

 मग त्यानं आपलं नेहमीचं काढलं, "माणूस अंदाज सांगतो. मला मोजमाप पाहिजे."

त्याचं मोजमाप म्हणजे दोन बल्ल्या रोवल्या, एक माथ्यावर अन् एक वळणावर, दोन माणसं उंच. दर बल्लीवर लट्ठ्याचं पांढरं कापड, दोन हात लांब. कोपऱ्यात त्याची शाईची खूण. दर अमावास्येले जुनं काढायचं, नवं लावायचं, जुनं घडी करून ठेवायचं. माथ्यावरचं काम माझ्याकडे, वळणावरचं नाक्यावरच्या चौकीदाराकडे. वळणावर गाड्या थांबत, चौकीदार कधी असे कधी नसे.

कापड कायले लावलं ते त्यानं कोणाले सांगितलं नाई. विचारलं तर बोट ओठावर ठेवे. मागून कळलं, त्याले भेव होतं का लोकांले समजलं तर लोक कापडाले हात लावतील, अन् मोजमाप खोटं होईल. म्हणून गुपचूप. टोल्यात कोणी म्हणे सरकारची हद्द पडून राहिली, कोणी म्हणे वांदरं भगवायले लावलं. मले त्यानं बल्लीखाली उभं केलं अन् एवढंच म्हटलं, "बाई, कापड नीट सांभाळायचं. समजलं?"

"हो साहेब."

बस. आमच्यातला कारभार एवढाच झाला.

आता सांगा, कोऱ्या लट्ठ्याचं कापड कोणी तुमच्या हाती दिलं अन् सांभाळ म्हटलं, तर तुम्ही काय कराल? आठ दिवसात त्याच्या काठाची दसोडी निघाली, धागे लोंबायले लागले. पंधरा दिवसात बोटभर चीर.  त्याच्या घरी राहतो, त्याचं खातो, अन् त्याचं कापड आपल्या हातून फाटलं! एकदा मालकांच्या हातून त्याची मोजायची सुतळी तुटली होती तर आठ दिवस बोलला नव्हता. मी दुपारी बल्लीवरून कापड उतरवलं, सासूनं सुई दिली, लुगड्याच्या काठाचा दोरा ओढला अन् चीर शिवून टाकली. बारीक टाके, दोन्ही बाजूनं सारखे. माझ्या मायनं हातावर मारून मारून शिकवलेला टाका होता, नख फिरवलं तरी लागत नव्हता. संध्याकाळच्या आत परत टांगलं.

मग ते कामच झालं. हिवाळ्यात आठ दिवसातून एकदा. फागुनात चार दिवसातून. सासू म्हणे, "धुऊनही टांग बाई, लोक म्हणतील सुतारीण घाणेरडी." तर राखेत धुऊन टांगे. पाणी प्यायले नसे, अन् मी त्याचं कापड धुवे. आज त्याच्यावर हसते तसं माझ्यावरही हसते.

त्या साली चैतात मले सहावा महिना होता. विहीर आटली होती. झिरियाहून चढताना दुसऱ्या खेपेले गोटा पायाखालून सरकला. गुंड्या वाचल्या नाई, काही वाचलं नाई. मुलगी होती. फुलवंती संगं होती, तिनं अन् सासूनं जे करायचं ते केलं. तिथंच चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडाखाली ठेवलं तिले.

तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर जबलपूरहून आला. अमावास्या होऊन गेली होती. तो आमच्या दारात उभा राहिला, मी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू म्हणाली, "साहेब, पोरगी गेली."

 तो म्हणाला, "वाईट झालं." अन् मग म्हणाला, "ह्या महिन्याचं कापड काढलं का?"

सासूनं नेऊन दिलं. घडी केलेलं होतं, धुतलेलं. त्यानं उजेडात धरलं, खूण पाहिली अन् वहीत लिहिलं. मले तो आवाज ऐकू आला, पेन्सिल कागदावर घासायचा. मी त्याले मनात जे म्हटलं ते इथं सांगत नाई. पण ते मी अजूनपर्यंत परत घेतलं नाई.

जेठात वर असा वारा सुटला का कापडाचा खालचा कोपरा गेलाच. उडून गेला, शोधूनही सापडला नाई. कोपरा नाई तर शिवू काय? घरात पांढरं कापड एकच होतं, हातभर मलमल, बाळाच्या कुंचीसाठी आणलेली. सासूनं माझ्याकडे पाहिलं, मी सासूकडे. मी ती कापली अन् ठिगळ लावलं. चांगलं बसलं.

दसऱ्याले बारा महिने भरले. ओव्हरसियरनं दोन्हीकडचे बारा-बारा कापडं पेटीत भरले, जबलपूरले नेले, अन् दिवाळीच्या आत निकाल घेऊन आला का माथ्यावर हवा नाही, वळणावर आहे. तिथंच विहीर, तिथंच चाक.

सुक्कू दादा मोठ्यानं थुंकला. मी चुलीत फुंकून राहिली होती, मले हसू आलं. पण बोलली नाई. तो वहीत पाहून बोलून राहिला होता. मले वाटलं वहीत काही असेल जे आम्हाले समजत नाई. शिकलेल्याच्या वहीचं भेव वाईट असते.

तो सगळा हिवाळा टोल्यातल्या माणसांनी वळणावर खोदलं. मुरूम, मग दगड. सुक्कू दादा साठीचा, तोही उतरे. माझे मालक तीन बोटांनी सब्बल धरत. पाणी लागलं, चांगलं लागलं, ते खोटं का सांगू. मग करीम मिस्त्री आला, लोखंडाचा मनोरा जोडला, चाक वर चढवलं. चारी बाजूनं सागाची झाडं मनोऱ्याच्या उंचीची. करीम मिस्त्री वरून ओरडला, "साहब, यहाँ तो बीड़ी एक तीली में जल गई!" ओव्हरसियर खालून म्हणे, "उतरो, उतरो. अपना काम करो."

तर तो दिवस. फागुन उतरत होता. आंब्याचं तोरण, नारळ फोडला, कोटवाला पाहुणा खुर्चीवर बसला. ओव्हरसियरनं साखळी सोडली.

चाक उभं. आम्ही सगळे तोंड वर करून. मान दुखली, चाक काही हललं नाई. त्यानं बोट ओलं केलं, वर धरलं. खिशातला कापूस काढून सोडला. तो सरळ खाली आला अन् पाहुण्याच्या बुटावर बसला.

"तेल हवं," ओव्हरसियर म्हणाला. तेल घातलं. "थोडा वेळ द्या." दिला. सूर्य डोक्यावर आला. त्यानं करीम मिस्त्रीले वर चढवून हातानं चाक फिरवायले लावलं. हात लावला का फिरे, हात काढला का उभं. रामदीन बैलाले म्हणाला, "चलो भैया, तुम्हीं फूँक मार दो."

पाहुणा चांगला माणूस होता. त्यानं हळूच विचारलं, "जागा कशावरून निवडलीत?"

ओव्हरसियरनं पेटी आणवली होतीच, दाखवायले. त्यानं ताडपत्री अंथरून कापडं मांडले. एका ओळीत वळणाचे बारा, एका ओळीत माथ्याचे बारा. वळणाचे म्हणजे नुसत्या चिंध्या, काळ्या पडलेल्या. माथ्याचे शुभ्र, अख्खे. "बघा," तो म्हणाला, "जिथे वारा, तिथे कापड फाटतं. वर्षभर मोजलं आहे. माणूस बोलतो, कापड सांगतं."

तेव्हा मले समजलं. 

माझी सासू पुढे झाली. तिले वाटलं साहेब आपल्या सुनेचं काम पाहुण्याले दाखवून राहिले. तिनं पदर नीट केला अन् मोठ्या अभिमानानं म्हणाली, "फाटू देईल का साहेब? माझ्या सुनेनं एक दिवस फाटू दिलं नाई. चीर पडली का लगेच शिवली. जेठात तर कोपरा उडाला, तो घरचा लावला. तुम्ही सांभाळ म्हटलं होतं ना?"

 पाहुण्यानं एक कापड उचललं, उलटं केलं, चष्मा वर सरकवला. "अरे देवा," तो म्हणाला. "हे तर सगळं शिवलेलं आहे."

मग रामदीन गाडीवान हसला. तो एकदा हसायले लागला का थांबत नसे. "और वो काला वाला तो मेरा है साहब! धुरे में तेल देते हैं न यहाँ, तो हाथ पोंछने को एक चिंदी फाड़ लेते हैं. सब गाड़ीवाले फाड़ते हैं. आपने इसी के लिए नहीं टाँगा था?"

करीम मिस्त्री मनोऱ्याच्या आड गेला. फुलवंतीनं तोंडात पदर कोंबला. मी हसली नाई. मी सुक्कू दादाच्या हाताकडे पाहून राहिली होती. त्याचे हात दगडानं फुटले होते, सगळ्यांचेच फुटले होते.

आता तो ओरडेल, मालकांले हाकलून देईल, असं मले वाटलं. त्यानं काय केलं? तो ताडपत्रीवर मांडी घालून बसला, माथ्याचं एक कापड डोळ्याजवळ धरलं, अन् टाके मोजायले लागला. बोट ठेवून ठेवून, ओठ हलवत. एक कापड झालं, दुसरं घेतलं. वही काढली. पाहुणा म्हणाला, "साहेब, ऊन लागेल." हा ऐके तर ना. बाराही मोजले. जेठाच्या कापडावर थांबला, ठिगळावर नख फिरवलं.

"बाई, हे दुसरं कापड कुठलं?"

"घरचं," मी म्हटलं.

"मलमल आहे."

"हो."

फुलवंतीनं माझा हात धरला. त्यानं वहीत लिहिलं. मग त्याचं तोंड असं उजळलं का जसं पोरगं झालं. "बघा, बघा! कार्तिकात सगळ्यात कमी टाके, जेठात सगळ्यात जास्त. जितका वारा तितके टाके! अहो, फाटलेल्या कापडापेक्षा हे मोजमाप चोख आहे. चाक माथ्यावर न्यायचं!"

म्हणजे बघा. वर्ष गेलं, हिवाळा गेला, विहीर चुकीच्या जागी खोदली, अन् या माणसाले आनंद झाला. चुकलो असा एक शब्द नाई. त्याले वाटलं आता सगळे टाळ्या वाजवतील.

सुक्कू दादा उठला. "हम नहीं उठाएँगे साहब," तो म्हणाला. "पहले बोले यहाँ, अब बोलते वहाँ. कल बोलोगे नदी में."

टोल्यातली माणसं त्याच्या मागे उभी राहिली. करीम मिस्त्रीनं पान्हे पोत्यात भरायले घेतले. मले दिसलं का आता हे सगळं इथंच राहणार, लोखंड इथं गंजणार, अन् परवापासून आम्ही गुंड्या घेऊन याच्या बाजूनं खाली जाणार. फुलवंती अन् मी. अन् मले परत दिवस गेले होते, सासूशिवाय कोणाले सांगितलं नव्हतं.

मग सुक्कू दादानं माझ्याकडे वळून विचारलं, "बहू, तू बता. ऊपर हवा है?"

तोपर्यंत मी चार माणसांसमोर कधी बोलली नव्हती. मालक खाली पाहून राहिले होते. मी म्हटलं, "है दादा. मेरी सुई जानती है. कुंवार-कातिक में हवा मरी रहती है, तब कुएँ में पानी रहता ही है. फागुन से उठती है अउर असाढ़ तक सोती नहीं. जब पानी नहीं, तभी हवा है."

"पक्का?"

"मेरी बेटी के कपड़े की कसम."

बस, एवढंच बोलली. सुक्कू दादानं ओव्हरसियरकडे पाहिलंही नाई. तो माणसांले म्हणाला, "चलो रे. बहू बोलती है तो उठाओ."

चार दिवस लागले. पाती एकेक करून डोक्यावर नेली, मनोऱ्याचे पाय बैलांनी ओढले, रामदीननं त्याचं भाडं घेतलं नाई, म्हणाला माझ्या चिंध्यांचं प्रायश्चित्त. ओव्हरसियर सगळ्यांच्या मधे येई अन् सांगे हळू, हळू. पाचव्या दिवशी माथ्यावर साखळी सोडली तर चाक असं सुटलं का सासू देवाचं नाव घेत घरात पळाली.

तो मले चाकाखाली घेऊन गेला. साखळी माझ्या हातात दिली अन् अर्धा तास समजावलं, टाकी भरली का कशी ओढायची, वादळ आलं का काहून बांधायची, विहीर तळाले गेली का पंप कोरडा चालवला तर आत चामडं कसं जळते. सगळं सांगितलं, विचारलं नाई तरी सांगितलं. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, एवढी जीभ तुले होती तर बल्लीखाली काय झालं होतं रे?

जुनी विहीर दोन पुरुष खोल केली. पाणी बैसाख संपेपर्यंत पुरे, जेठात नाई. जेठात वळणाच्या विहिरीवर जात होतो, म्हणजे अर्धा चढ. झिरियावर परत कोणी गेलं नाई. त्या साली माझा मुलगा झाला, तो जगला.

ओव्हरसियर जबलपूरले गेला अन् त्यानं लोकांले सांगितलं का टाके मोजून वारा ओळखायची रीत त्यानं काढली. दीक्षितपुऱ्यात ओट्यावर बसून सांगे. कोणी विचारलं का टाके कोणी घातले, तर म्हणे, "होती एक कामवाली." काकूनं मले हे स्वतः सांगितलं, अन् सांगताना त्यांचा लाटणं धरलेला हात थांबला होता. म्हातारपणी त्याले वाऱ्याचा कंटाळा आला, उन्हाचं काही सुरू केलं, आरसे लावून डाळ शिजवे. शिजत नसे. तो गेला तेव्हा मी डोंगरावर होती. रडली नाई. चाकाची साखळी बांधून एक दिवस चाक थांबवलं, ते सुक्कू दादानं सांगितलं म्हणून.

मालक गेल्यावर मुलानं मले जबलपूरले आणलं. त्याले खूप वर्षं झाली. सुक्कू दादा नाई, फुलवंती नाई. तिकडची खबर देणारं कोणी उरलं नाई. मुलगा म्हणते, "आई, आता तिकडे नळ आले असतील." असतीलही.

तर वाचणाऱ्याले माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही त्या बाजूले गेले तर माथ्यावरच्या विहिरीत दोरी सोडा अन् पाणी किती हात आहे ते मोजून मले कळवा. पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. बैसाखात जा.